डावा डोळा

मागच्या फेब्रुवारीत आमच्या पुतण्याचा साखरपुडा झाला, चिंचवडला, एसी हॉल वगैरे, सगळं छान. जेवणाआधी फोटो चालू होते. घरातल्या सगळ्या बायका स्टेजवर उभ्या, सासूबाई मधोमध खुर्चीत, त्यांची ती मोरपंखी नऊवार नाही पण तसल्याच रंगाची सहावार, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. फोटोग्राफर पोरगा म्हणाला आजी जरा स्माईल द्या की, आणि आई हसल्या. त्या हसल्या की अजूनही त्यांचा डावा डोळा बारीक होतो आणि तोंड उजवीकडे थोडं ओढलं जातं. आणि तेवढ्यात खालून नात्यातल्याच एकांचा आवाज आला, "अरे वा, एकदम ललिता पवार!" सगळे हसले. वाईट मनाने कोणी हसलं नाही हे मला माहितीये, लग्नघरात माणसं कशालाही हसतात. आईपण हसल्या. हसल्या म्हणून डोळा अजून बारीक झाला, म्हणून लोक अजून हसले. मग त्यांनी पदर ओढून डावा गाल झाकल्यासारखं केलं आणि पुढचे सगळे फोटो तसेच निघाले.

घरी येताना गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघीच होतो. वाकडला सिग्नलला थांबलो तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अगं, तिचा कुठला डोळा होता गं? डावाच ना?"

मी म्हणलं हो, डावाच.

"हं," म्हणाल्या. बस एवढंच. पण ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

झालं होतं असं की आदल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई चूळ भरत होत्या आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा उतरलेला. आमची तर पाचावर धारण बसली, लकवाच मारला म्हणून तसेच दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी त्यांना कपाळाला आठ्या पाडायला सांगितल्या, डाव्या बाजूला एकपण आठी पडेना, तर ते म्हणाले घाबरू नका, मेंदूचं काही दिसत नाही, चेहऱ्याची जी नस असते कानामागून येणारी तिला सूज आलीये. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले. सगळ्यात जास्त जपायला सांगितलं ते डोळ्याला, कारण पापणी मिटतच नाही. झोपेतपण नाही. रात्री डोळ्यात मलम घालून, पापणी बोटाने खाली ओढून वरून चिकटपट्टी लावायची, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. तीन महिने रोज रात्री ते काम मी केलं. दिवसा आरशासमोर बसून व्यायाम, गाल फुगवा, ई म्हणा ऊ म्हणा, मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर मारा. फुंकर डावीकडून निसटायची आणि त्या चिडायच्या. पुष्कळ फरक पडला, नव्वद टक्के तरी, पण जे राहिलं ते हसताना दिसतं. बाकी वेळी कळतसुद्धा नाही. फक्त हसतानाच.

तर त्या दिवसापासून मी ललिता पवारांच्या मागे लागले. म्हणजे रात्री सगळं आवरलं की मोबाईलवर त्यांचे जुने पिक्चर लावून बसायचं.

माझ्या पिढीला त्या मंथरा म्हणूनच भेटल्या. रविवारी सकाळचं रामायण, कोपरगावला आमच्या वाड्यात एकाच घरी टीव्ही, ब्लॅक अँड व्हाईट, आणि खाली सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं. मी नऊ वर्षांची असेन. मंथरा पडद्यावर आली की आमची आजी दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची, "मेली अवदसा" म्हणायची, आणि आम्ही पोरं तिच्या पाठीमागे तोंड लपवायचो. तो डोळा आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. माझी धाकटी बहीण तर रात्री शू करायला उठायची नाही त्या भीतीने. आता हिशोब केला तर तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. आणि मंथरा त्यांनी त्याआधीसुद्धा केलेली, 1961 च्या संपूर्ण रामायणमध्ये. म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांनी परत तीच बाई, तेच कैकेयीच्या कानाला लागणं. सबंध देशाला दुसरी मंथरा सुचली नाही.

आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणा, त्या येवल्याच्या. म्हणजे आमच्याच भागातल्या. आजी ज्या गावच्या पैठणीचं कौतुक सांगायची त्याच गावची ही बाई, जन्म 1916 चा, मूळ नाव अंबा, वडील रेशमाचे, कापडाचे व्यापारी. आजीला हे शेवटपर्यंत माहिती नव्हतं. माहिती असतं तर तिने बोटं मोडली नसती असं मी म्हणणार नाही, पण निदान मोडून झाल्यावर "येवल्याची आहे हो" असं तरी म्हणाली असती, कारण आपल्या भागातलं माणूस म्हणलं की तिचा आवाजच बदलायचा.

थप्पडची गोष्ट तर आता सगळ्यांनाच माहितीये, दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी फॉरवर्ड करतंच. 1942, जंग-ए-आझादी नावाचा पिक्चर, सीनमध्ये भगवानदादांनी थप्पड मारायची होती, हात जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याला लकवा. अशी दोन ओळीत ती गोष्ट येते आणि खाली लोक रडक्या चेहऱ्याचे इमोजी टाकतात, आणि मग पुढचा मेसेज. मीपण आधी असंच वाचून सोडून दिलं असेल. पण घरात तीन महिने चिकटपट्ट्या लावल्यावर ती गोष्ट दोन ओळीत वाचताच येत नाही मला. मी वाचताना थांबते. त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. हिरोईन होत्या. चेहरा हेच त्यांचं भांडवल, आणि तो चेहरा एका सकाळी शूटिंगला जाताना एक होता आणि परत येताना दुसरा. त्यांनाही पाणी पिताना कोपऱ्यातून गळलं असणार. त्यांनाही रात्री डोळा मिटला नसणार. उपचार लांबतच गेले, वर्षं गेली, आणि तो डोळा काही पूर्ववत झाला नाही तो नाहीच.

त्याआधी त्या काय होत्या हे बघायला मला फार उशीर झाला, आणि बघितल्यावर जास्तच वाईट वाटलं. मूकपटाच्या काळापासून काम करत होत्या, 1928 मध्ये राजा हरिश्चंद्रात बालकलाकार म्हणून, म्हणजे बारा वर्षांच्या. 1931 चा दिलेर जिगर नावाचा मूकपट आहे, आपल्याकडचे मूकपट बहुतेक सगळे जळून नाहीतर सडून गेले, त्यातून जे मोजके वाचले त्यातला हा एक. त्यात पंधरा वर्षांची पोरगी आहे, भुवया बारीक कोरलेल्या, डोळे टपोरे, दोन्ही सारखे. हातात तलवार आहे आणि ती खरोखर चालवते, उगीच हात हलवल्यासारखं नाही. मी तो तुकडा पॉज करून करून बघितला. दोन्ही डोळे सारखे आहेत एवढंच बघत होते बहुतेक. मग बोलपट आले तर स्वतःची गाणी स्वतः म्हणायच्या, 1938 मध्ये तर टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून दुनिया क्या है नावाचा पिक्चर स्वतः काढला. भालजींच्या नेताजी पालकरमध्ये त्या होत्या. म्हणजे ही बाई कोणाच्या तरी मेहेरबानीने उभी नव्हती, चांगली रुळलेली होती, आणि पुढचं सगळं समोर होतं.

त्यानंतर प्रभातचा रामशास्त्री आला, 1944 चा. त्यात त्या आनंदीबाई.

ध चा मा करणारी आनंदीबाई! मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्या शाळेच्या पुस्तकातली सगळ्यात पहिली दुष्ट बाई, आणि तीच त्यांच्या वाट्याला यावी. पुढे मग रांगच लागली. शांतारामबापूंच्या दहेजमध्ये सुनेला छळणारी सासू, 1950. तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या. 1952 च्या दागमध्ये दिलीपकुमारची आई. दिलीपकुमार 1922 चा, या 1916 च्या. सहा वर्षांनी लहान मुलगा! माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, मी त्याची आई म्हणून उभी राहिलेय असं डोळ्यासमोर आणून बघितलं. केसांना पांढरा रंग लावायचा, कमरेत वाकायचं, आवाज जाड करायचा, आणि आपल्या वयाच्या बायका तिकडे झाडामागे गाणी म्हणतायत. हे सगळं त्यांनी कसं घेतलं असेल? रडल्या असतील, चिडल्याही असतील. पण पडद्यावर त्या चिडीचा मागमूस नाही. काम मात्र असं करायच्या की समोरच्याने सांभाळून राहावं.

आता त्यांचं काम नीट बघितलं तर एक गोष्ट दिसते. त्या फार ओरडत नाहीत. आपल्याला आठवतं ते ओरडणं, कारण नंतरच्या पिक्चरांमध्ये त्यांच्याकडून तेच तेच करून घेतलं. पण चांगल्या सीनमध्ये बघा, त्या गप्प बसून ऐकतात. समोरचा बोलत असतो, या पदर नीट करत असतात, मान जराशी कलते आणि तो डोळा हळूच बारीक होतो, आणि आपल्याला कळतं की आता काहीतरी शिजलं. बाकीच्या नटनट्यांना त्यासाठी डायलॉग लागतो. जे त्यांच्यावर लादलं गेलं, ज्याच्यावर त्यांचा ताबासुद्धा पूर्ण नसणार, त्यालाच त्यांनी कामाला लावलं. सासूबाईंचा डोळा रोज जवळून बघितल्यामुळे मला हे जास्त दिसत असेल. हसताना, घास चावताना, "ऊ" म्हणताना तो आपोआप बारीक होतो, त्यांना थांबवता येत नाही. ललिताबाईंना कधी आपोआप होत होता आणि कधी त्या मुद्दाम करत होत्या हे मी पंधरा-वीस पिक्चर बघूनही ओळखू शकलेली नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. माझ्या लग्नाच्या वेळची गोष्ट. केळवणं चालू होती, मैत्रिणी जमल्या होत्या, आणि एकीने विचारलं, सासू कशीये गं? तर मी, पंचवीस वर्षांची, शिकलेली, पटकन म्हणून गेले, "अगं ललिता पवार!" का तर बघायला आल्या तेव्हा त्या फार बोलल्या नव्हत्या आणि चहात साखर जास्त झाली म्हणाल्या होत्या. एवढ्यावरून. सगळ्या खिदळल्या, आणि पुढे कित्येक महिने फोनवर त्या मला विचारायच्या, काय म्हणतीये तुझी ललिता पवार? आणि मीपण त्याच नावाने सांगायचे, आज असं झालं न् तसं झालं. तेव्हा आईंचा चेहरा धडधाकट होता. त्यांना हे कधी कळलं नाही, मी कधी सांगितलं नाही. साखरपुड्याच्या दिवशी खालून तो आवाज आला तेव्हा मला त्या पाहुण्यांचा राग आला, आणि लगेच पोटात गोळा आला, कारण तो शब्द या घरात पहिल्यांदा मीच आणला होता. वीस वर्षांपूर्वी. एका बाईच्या चेहऱ्याला कामावर असताना इजा होते, आणि आपण सगळे मिळून तिच्या नावाची शिवी करतो, आणि ती शिवी आपल्या घरातल्या, जिला अजून नीट बघितलंही नाही अशा बाईला देतो. मराठी घरांनी तर जास्तच. आपलीच बाई ना ती. येवल्याची.

आणि असं नाही की त्यांनी नुसत्या खाष्ट बायकाच केल्या. श्री 420 मधली केळेवाली आठवा, फुटपाथवर टोपली घेऊन बसलेली. राज कपूरला ती दोन आण्याला तीन केळी सांगते, आणि तो घासाघीस करून तीन आण्याला दोन मागतो, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आणि मग माया. ती एकदम विरघळते. बघता बघता त्या फुटपाथची आईच होऊन जाते. किंवा प्रोफेसर घ्या. त्यात त्या शम्मी कपूरच्या म्हाताऱ्या वेशाला भुलतात, म्हातारा मास्तर समजून त्याच्यावर जीव जडतो. थेटरात लोक लोळून हसले असतील, तो सीन हसण्यासाठीच आहे. पण मी यावेळी बघताना हसू शकले नाही. कडक बाई, भावंडांची मुलं सांभाळण्यात आयुष्य काढलेली, इतकी वर्षं कोणी तिच्याकडे त्या नजरेने बघितलेलं नाही, आणि आता उतारवयात आरशासमोर उभी राहून नटतीये. ते लाजणं त्यांनी इतकं खरं केलंय की बघवत नाही. ज्या बाईला पस्तिशीच्या आतच म्हातारं करून टाकलं तिला शेवटी प्रेमाचा सीन मिळाला तोसुद्धा असा.

पण सगळ्यात वरचढ अनाडीच. 1959, हृषीकेश मुखर्जी. मिसेस डिसा. फ्रॉक घातलेली ख्रिश्चन घरमालकीण, भाड्यासाठी राज कपूरवर खेकसणारी आणि खेकसता खेकसता त्याला खाऊ घालणारी. यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. तोच डोळा आहे, तोच डावा, तसाच बारीक होतो, पण आपल्याला भीती वाटत नाही. उलट वाटतं की ही आता रडणार आणि रडू येऊ नये म्हणून डोळा बारीक करतीये. म्हणजे डोळा कधी दुष्ट नव्हताच ना, त्याच्यामागे कोणाला उभं करायचं ते ठरवणारे वेगळे होते. हृषीदांनी तो डोळा नीट बघितला होता असं मला वाटतं, कारण बारा वर्षांनी आनंदमध्ये त्यांनी परत त्यांनाच घेतलं, नर्सिंग होमची करडी मेट्रन, आणि नाव परत डिसाच ठेवलं.

हे सगळं मी एकटीच बघत होते, आईंना कळू न देता. मग एकदा एप्रिलमध्ये हे गावाला गेले होते, घरात आम्ही दोघीच, तर धीर करून म्हणलं, आई, अनाडी लावू का? मला वाटलं त्यांना राग येईल. त्या म्हणाल्या लाव की. टीव्हीवर मोठा करून लावला. त्या सांगायला लागल्या की हा पिक्चर त्यांनी लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत बघितला होता, खाली मातीत बसून, आणि डिसा मेली तेव्हा त्यांची आई इतकी रडली की शेजारच्या बाईने तिला पाणी आणून दिलं. त्या बोलत होत्या पण नजर पडद्यावरून हलत नव्हती. मधेच म्हणाल्या, "बघ, डाव्या बाजूनेच घेतलंय तिला. लपवलं नाही." मी बघितलं. खरंच. जवळचा शॉट होता, डोळा सरळ समोर, त्यावर उजेड. मला त्या क्षणी केळवणाची गोष्ट सांगून टाकावी असं फार वाटलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं. नाही जमलं.

साडेनऊ वाजले, थेंबांची वेळ झाली. रात्री कोरडा पडतो डोळा अजून, म्हणून थेंब चालूच आहेत. मी पिक्चर थांबवला, पडद्यावर ललिताबाई तशाच थबकल्या. आई माझ्या मांडीवर डोकं टेकून आडव्या झाल्या, मी पापणी वर धरली आणि एक थेंब सोडला. तो गालावरून कानाकडे ओघळला, तो पदराने टिपला. त्या तशाच पडून होत्या.

"ती गेली तेव्हा घरी कोणी नव्हतं ना?" म्हणाल्या. "पेपरात आलं होतं तेव्हा. औंधलाच गेली ना ती?"

मी हो म्हणलं. 1998 चा फेब्रुवारी होता, औंधच्या घरात त्या एकट्याच होत्या, नवरा दवाखान्यात. फोन कोणी उचलेना म्हणून कळलं, तेसुद्धा दोन दिवसांनी. आमच्या घरापासून औंध गाडीवर वीस मिनिटं पण नाही. मी कॉलेजला होते तेव्हा, पुण्यातच होते, बातमी वाचलीही असेन. मंथरा गेली, असंच म्हणले असेन बहुतेक.

आई डोळा मिटून पडल्या होत्या, म्हणजे उजवा पूर्ण मिटलेला आणि डाव्याची बारीकशी फट तशीच. त्या फटीतून त्यांना टीव्हीचा उजेड दिसत असणार. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तेव्हा तिला कोणी घातले असतील गं थेंब? त्या मारल्यानंतर?"

मला काय माहिती. मी नुसता त्यांच्या कपाळावर हात ठेवला. डाव्या बाजूला आता एक आठी पडते, अगदी बारीक, ती बोटाला लागली.

"लाव आता पुढचं," म्हणाल्या. "अजून मरायचीये ती."